चीनला गेलेले पाच डॉक्टर



नसरापूरहून वेल्ह्याकडे निघाले की वाटेत मार्गासनी लागते. तिथून साखरच्या अंगाला वळावे, गुंजवणे गाठावे, की समोर राजगड उभा राहतो. या वाटेवरच्या गावांतील मुलांना गनिमी कावा म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. थोडे सैन्य, डोंगराचा आसरा, अवचित घाला आणि गनीम सावरण्यापूर्वीच पसार होणे, ही लढाईची रीत त्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकलेली असते. पण एक प्रश्न मुलेही विचारीत नाहीत आणि आपणही सांगत नाही. अशा लढाईत जे जखमी होत, त्यांचे पुढे काय होई?

सभासदाच्या बखरीत याचा थोडा उल्लेख आहे. १६५९ साली अफजलखानाचे पारिपत्य झाले, त्यानंतर महाराजांनी जखमी झालेल्यांना जखम पाहून २५ पासून २०० होनांपर्यंत बक्षीस दिले, असे सभासद लिहितो. राजाने जखमेची दखल घेतली, ही मोठीच गोष्ट. पण होन हाती पडण्यापूर्वी ती जखम कुणीतरी धुतली असेल, बांधली असेल, ताप उतरेपर्यंत कुणीतरी उशाशी बसले असेल. त्या माणसाचे नाव बखरीत नाही. इतिहासात तलवारीला जेवढी जागा मिळते, तेवढी मलमपट्टीला मिळत नाही.

आज मी ज्यांच्याविषयी सांगणार आहे, ते अशाच डोंगरी लढाईतल्या जखमींच्या सेवेला गेले होते. डोंगर मात्र सह्याद्रीचे नव्हते, उत्तर चीनचे होते. आणि गेलेल्यांपैकी एक जण आपल्या सोलापूरचा होता. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे नाव तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. पण ते नाव आपल्यापर्यंत पोचले कसे, त्यांना चीनला पाठवायला पैसा उभा राहिला कसा, आणि ते गेल्यावर तिथे मागे काय राहिले, हे तीन प्रश्न सहसा एकत्र मांडले जात नाहीत. तेच आज पाहू.

आधी थोडे मागे जावे लागेल. युद्धात होरपळणाऱ्या परक्या मुलखाला मदत पाठवावी, ही कल्पना सामान्य माणसाच्या मनात येते केव्हा? तिथले हाल त्याच्या कानावर येतात तेव्हा. १८५४ साली इंग्लंड आणि फ्रान्स रशियाविरुद्ध क्रिमियाच्या युद्धात उतरले. लंडनच्या टाइम्स पत्राचा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल रणभूमीवरून पत्रे धाडू लागला. जखमी शिपाई कसे विनाउपचार पडून आहेत, हे त्या पत्रांतून लोकांना कळले. लोक खवळले, वर्गणी जमली, आणि त्याच वर्षी फ्लॉरेन्स नाइटिंगेल परिचारिकांचे पथक घेऊन तुर्कस्तानातील स्कुटारीच्या इस्पितळात गेली. हे झाले बातमीचे काम. पण युद्ध संपल्यावर बातमी विझते. मग टिकले काय? नाइटिंगेलच्या नावाने जमलेल्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा निघाली. लोकांच्या त्या कळवळ्याचे तिथे विद्येत रूपांतर झाले. बातमीने पैसा आणला, पैशाने माणसे गेली, आणि शेवटी उरले ते शिकवलेले ज्ञान. हा क्रम लक्षात ठेवा, बरं का. चीनच्या गोष्टीतही तोच दिसणार आहे.

७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलापाशी चिनी आणि जपानी फौजांची चकमक उडाली आणि तिचा वणवा होऊन सारा चीन पेटला. शहरेच्या शहरे जपानच्या हाती जाऊ लागली. उत्तरेकडच्या डोंगराळ भागात चिनी कम्युनिस्टांची आठवी सेना गनिमी काव्याने लढत होती. तिच्यापाशी माणसे होती, जिद्द होती. नव्हते ते शिकलेले डॉक्टर आणि औषधे. साधी जखम चिघळून माणूस जाई. त्या सेनेचे सेनापती चू तेह यांनी नोव्हेंबर १९३७ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. नेहरू त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते.

जरा विचार करा. आपला देश तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता. खेड्यापाड्यांतून आपल्यालाच डॉक्टर मिळत नव्हते. अशा देशाने दुसऱ्याला डॉक्टर पाठवायचे? पण पत्राकडे पाठ फिरवली गेली नाही. १९३८ च्या आरंभी हरिपुरा काँग्रेसला सुभाषचंद्र बोस अध्यक्ष झाले. चीन-जपान प्रश्नावर त्यांनी कलकत्त्याच्या मॉडर्न रिव्ह्यू मासिकात आधीच लेख लिहिला होता. ३० जून १९३८ रोजी त्यांनी वर्तमानपत्रांतून देशाला आवाहन केले. ७ ते ९ जुलै या दिवसांत चीन दिन आणि चीन निधीचे दिवस पाळण्यात आले. सभा झाल्या, झोळ्या फिरल्या, आणि २२,००० रुपये जमले.

आज २२,००० हा आकडा लहान वाटेल. त्या काळी तो लहान नव्हता. आणि त्यातले पुष्कळसे पैसे ज्यांनी दिले, त्यांनी चीन कधी नकाशातही पाहिला नसेल. कोटणीसांच्या बहिणीने पुढे सांगितले आहे की, त्यांच्या घरी चीनविषयी माहीत होते ते एवढेच, की तिकडचे लोक रेशमी कापड विकायला येतात. सोलापूरसारख्या कापडाच्या शहरात सुशिक्षित घराची ही स्थिती! तरी पैसे जमले. का? तर वर्तमानपत्रांतून रोज तिकडची हकीकत येत होती. अॅग्नेस स्मेडली, एडगर स्नो यांच्यासारखे परदेशी पत्रकार थेट त्या डोंगरांत शिरून लिहीत होते. तोंडी वाचून दाखवलेले वर्तमानपत्र आपल्या चावड्यांवरही ऐकले जात होते. दूरच्या माणसाचे दुःख शेजारच्या माणसाचे वाटावे, एवढी ताकद छापील कागदात होती.

वैद्यकीय पथकात पाच जण निवडले गेले. प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल, स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले अनुभवी गृहस्थ. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी, आणि पाचवे सोलापूरचे डॉ. कोटणीस. कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. म्हणजे निघतेवेळी वय अठ्ठावीसही पुरे नव्हते. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून शिकून बाहेर पडले होते आणि पुढच्या पदवीची तयारी चालली होती. डॉक्टरकीचे दिवस तेव्हा मानाचे आणि मिळकतीचे. ते बाजूला सारून हा तरुण जायला तयार झाला.

१ सप्टेंबर १९३८ रोजी राजपुताना नावाच्या बोटीने पथकाने मुंबई सोडली. निरोपाला गर्दी, हार, भाषणे, छायाचित्रे, सगळे काही होते. १७ सप्टेंबरला ते कँटनला उतरले. आज त्याला ग्वांगझू म्हणतात. चीनच्या प्रजासत्ताकाचे जनक सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. या बाईंनी त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये चीन संरक्षण संघ नावाची मदतसंस्था काढली होती. ही संस्था इंग्रजीत वार्तापत्र काढी, जगभर पाठवी आणि त्यातून आलेल्या मदतीची औषधे आतल्या इस्पितळांना पोचती करी. बातमी आणि औषध यांची अशी जोडगाडी होती म्हणाना!

पण स्वागताचे दिवस लवकर सरले. ऑक्टोबर संपायच्या आत कँटनही पडले आणि हँकाऊही पडले. पथक नदीमार्गाने मागे सरकत चुंगकिंगला आले. तिथे प्रत्येकाला चिनी नाव मिळाले. कोटणीसांचे झाले के दी-हुआ. शेवटचे ‘हुआ’ म्हणजे चीन. ते पाचांच्याही नावांना जोडले होते. चीनमध्येच कोटणीसांना वडील वारल्याची बातमी कळली. त्यांच्या जागी कुणीही परतला असता आणि कुणी त्याला नावे ठेवली नसती. ते परतले नाहीत. १२ फेब्रुवारी १९३९ रोजी पाचही जण यानानला पोचले. तिथे माओ त्से-तुंग यांनी त्यांची भेट घेतली आणि पुढे मे महिन्यात नेहरूंना आभाराचे पत्र पाठवले.

यानान म्हणजे डोंगराच्या पोटात कोरलेल्या गुहांचे गाव. इस्पितळही गुहांतच. इथे कॅमेरे नव्हते. पथकावर इकडे हिंदुस्थानात किती रकाने छापून येत आहेत, हे कळायचीही सोय नव्हती. बाहेरून जपान्यांचा वेढा, आत चीनमधल्याच दोन पक्षांचा बेबनाव. त्यामुळे औषधे वाटेत अडत. हळूहळू पथक विरळ झाले. मुखर्जी आणि चोळकर १९३९ मध्ये परतले, अटल १९४० मध्ये परतले. त्यांच्याकडे बोट दाखवायचे कारण नाही. काम करून, प्रकृती खालावल्यावरच माणसे परतत होती. मागे राहिले बसू आणि कोटणीस.

याच काळात पूर्वेकडच्या आघाडीवर नॉर्मन बेथ्यून नावाचे कॅनडाचे शस्त्रवैद्य काम करीत होते. स्पेनच्या युद्धात त्यांनी मोटारीतून रक्त नेऊन आघाडीवरच जखमींना देण्याची सोय केली होती. चीनमध्ये मोटार चालेल असा रस्ता नव्हता. म्हणून त्यांनी शस्त्रक्रियेचे सारे सामान खेचराच्या पाठीवर बसेल अशा पेट्यांत बांधले. जखमीने डॉक्टरकडे येण्यापेक्षा डॉक्टरने जखमीकडे जावे, हे त्यांचे तत्त्व. आपल्या डोंगरी मुलखात पावसाळ्यात डोलीत घालून आजारी माणूस खाली उतरवावा लागतो, ज्यांनी ती डोली खांद्यावर घेतली आहे त्यांना या तत्त्वाची किंमत सांगायला नको. वाटेत जो वेळ जातो, तोच जीव घेतो.

बेथ्यून यांनी आणखी एक केले. हाताखाली मिळालेली पोरे थोडीशीच शिकलेली. त्यांना शिकवता यावे म्हणून त्यांनी गनिमी युद्धातले इस्पितळ कसे उभारावे, कसे चालवावे, यावर पुस्तक लिहिले. त्यांना पुरते कळले होते की, आपण एकटे कितीही हात चालवले तरी जखमी संपणार नाहीत. हात वाढवले पाहिजेत. १२ नोव्हेंबर १९३९ रोजी, शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम विषारी होऊन ते वारले. भारतीय डॉक्टर त्या आघाडीवर पोचण्यापूर्वीच ही घटना घडली.

तिथे, वुताई पर्वताच्या आणि हपै प्रांताच्या त्या मुलखात, कोटणीस १९४० मध्ये आले. त्या वर्षी एका लांबलेल्या लढाईत त्यांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या आणि त्या लढाईत ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले, असे त्यांच्याविषयी नमूद आहे. बेथ्यून यांच्या नावाने निघालेल्या आंतरराष्ट्रीय शांतता इस्पितळाचे ते जानेवारी १९४१ मध्ये पहिले संचालक झाले. इस्पितळ म्हणजे मोठी इमारत नव्हे. एका खेड्यातली घरे, ओसऱ्या, देवळे. शत्रू जवळ आला की सारे गुंडाळून दुसऱ्या खेड्यात. गावकरी जखमींना लपवीत, खायला घालीत, स्ट्रेचर वाहून नेत.

शस्त्रक्रियेच्या ७२ तासांची गोष्ट सगळेच सांगतात. मला मात्र शिक्षक म्हणून त्यांची दुसरी एक गोष्ट त्याहून मोठी वाटते. ती अशी.

कोटणीस चिनी भाषा शिकले. नुसती ‘कसे आहात, कुठे दुखते’ एवढी नव्हे, तर वर्गात उभे राहून शस्त्रवैद्यक शिकवता येईल इतकी. ते बेथ्यून यांच्याच नावाच्या वैद्यकशाळेत शिकवू लागले. समोर कोण असत? शेतकऱ्यांची मुले, सैन्यातले तरुण, थोडे लिहायला-वाचायला येणारे. इंग्रजी पुस्तके त्यांच्या उपयोगाची नव्हती आणि तिथे ती मिळतही नव्हती. म्हणून कोटणीसांनी शस्त्रवैद्यकावरचे पाठ्यपुस्तक चिनी भाषेतच तयार केले. पहिला भाग शस्त्रवैद्यकाच्या सर्वसाधारण तत्त्वांचा. तो पुरा झाला. दुसरा भाग निरनिराळ्या अवयवांच्या शस्त्रक्रियांचा. तो लिहीत होते.

शिक्षक मंडळींनो, हे काम किती कठीण आहे, ते तुम्हीच जाणता. आपल्याला एखादी गोष्ट समजते इंग्रजीतून आणि मुलांना सांगायची असते मराठीतून, तेव्हा आपली कशी त्रेधा उडते! शब्द सापडत नाही. सापडला तर तो मुलांच्या जिभेवर बसत नाही. इथे तर माणूस सोलापूरचा, शिकला मुंबईत इंग्रजीतून आणि शिकवीत होता चिनी भाषेत, तेही तोफांच्या आवाजात. जखम का चिघळते, हात उकळत्या पाण्यात स्वच्छ केलेल्या हत्यारालाच का लावायचा, रक्त कुठे दाबून थांबवायचे, हाड मोडले तर फळी कशी बांधायची, ही माहिती ज्याच्या हाती पोचते, तो डॉक्टर यायच्या आतच माणूस वाचवू शकतो. औषधाची पेटी रिकामी होते. पण एकाने दहा जणांना शिकवले आणि त्या दहांनी प्रत्येकी दहांना, म्हणजे ती विद्या वेढा पडला तरी अडत नाही. तिला बोट लागत नाही की खेचर लागत नाही.

त्या शाळेत शिकवणाऱ्या ग्वो चिंगलान या परिचारिकेशी कोटणीसांचा १९४१ मध्ये विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले इन-हुआ. ‘इन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. पण संसार फार दिवसांचा नव्हता. अतिश्रम, अपुरे अन्न, आणि त्यात अपस्माराचे, म्हणजे आपण फेपरे म्हणतो त्याचे, झटके सुरू झाले होते. सहकारी विश्रांती घ्या म्हणत होते, उपचारासाठी बाहेर जा म्हणत होते. ते गेले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी झटका आला आणि सारे संपले. वय अवघे ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा. पुस्तकाचा दुसरा भाग अपुराच राहिला.

आता तिसरा प्रश्न घेऊ. ही सारी हकीकत तुमच्या-माझ्यापर्यंत आली कशी?

१९४३ मध्ये डॉ. बसू मायदेशी परतले. त्यांच्याकडून सारा वृत्तांत घेऊन पत्रकार ख्वाजा अहमद अब्बास यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते १९४४ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या नावाचाच अर्थ असा, की एक जण परत आला नाही. त्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी राजकमलतर्फे ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा बोलपट काढला. तो १९४६ साली पडद्यावर आला. शांताराम स्वतः कोटणीस झाले, जयश्रीबाई चिनी पत्नी झाल्या, संगीत वसंत देसाई यांचे. बोलपटाने सोलापूरचा डॉक्टर खेड्यापाड्यांपर्यंत नेऊन पोचवला. ज्यांनी वर्तमानपत्र कधी हाती धरले नाही, त्यांनीही तंबूतल्या पडद्यावर चीनचे डोंगर पाहिले आणि डोळे पुसले.

बोलपटाचे हे उपकार मोठेच आहेत. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली अशी, की पडद्याला नाट्य लागते. त्यासाठी बोलपटात प्लेगची साथ आहे, तिच्यावर इलाज शोधण्यासाठी नायकाने स्वतःच्या देहावर प्रयोग करणे आहे. प्रत्यक्षात कोटणीस गेले ते अपस्माराने. आणि त्यांची खरी झुंज होती ती रोजच्या शस्त्रक्रियांशी, अपुऱ्या औषधांशी आणि वर्गातल्या धड्यांशी. पण धडा शिकवणारा माणूस पडद्यावर दोन तास दाखवायचा कसा? पाठ्यपुस्तकाची पाने उलटताना पाहून कोण टाळ्या वाजवणार? म्हणून जे सर्वांत टिकाऊ होते, तेच पडद्यावर सर्वांत कमी आले.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी. गेले पाच, आठवतो एक. तुम्ही वर्गात विचारून पाहा. कोटणीसांचे नाव मुले सांगतील. नागपूरच्या चोळकरांचे नाव कोण सांगेल? तेही मराठीच. तेही घरदार सोडून त्याच बोटीने गेले होते, त्याच गुहांत राहिले होते. अटल दोन देशांच्या युद्धांत जखमींची सेवा करून आले. बसूंनी तर सारी हकीकत सांगून आपल्या मित्राला अमर केले आणि स्वतः मागे उभे राहिले. यात कोटणीसांचे मोठेपण काडीचेही कमी होत नाही. जो परत आला नाही त्याच्याकडे लोकांचे मन धावते, हा मनुष्यस्वभाव आहे. पण एका नावावर दिवा धरला की शेजारची चार नावे अंधारात जातात, आणि ती उजेडात आणायला पुढे दुसरा दिवा सहसा येत नाही. ते काम मग इतिहास शिकवणाऱ्यावर येते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. कोटणीसांचे अवशेष पुढे शीजियाज्वांग शहरातील हुतात्म्यांच्या दफनभूमीत नेण्यात आले. तिथे त्यांचा पुतळा आहे. मुलगा इन-हुआ वैद्यकाचेच शिक्षण घेत होता. तो १९६७ साली, ऐन पंचविशीच्या आतच वारला. ग्वो चिंगलान भारतात येऊन सोलापूरच्या आपल्या सासरच्या माणसांना भेटत राहिल्या. त्या २०१२ साली निवर्तल्या.

मध्यंतरी १९६२ चे युद्ध झाले. ज्या देशासाठी आपल्या मुलाने प्राण वेचले, त्याच देशाच्या फौजा आपल्या सीमेवर चालून आल्या. आपले जवान पडले. चीनचे नाव काढणेही लोकांना नकोसे झाले, आणि ते साहजिकच होते. २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात पुन्हा आपले २० जवान गेले. अशा वेळी कुणी विचारतो, मग कोटणीसांचे करणे वाया गेले का? मला तसे वाटत नाही. सरकारांचे सख्य आणि वैर यांचे वारे फिरत असतात. कोटणीस सरकारसाठी गेले नव्हते. स्वातंत्र्यापूर्वी आपले सरकारच नव्हते! ते जखमी माणसासाठी गेले. वैर पेटलेले असतानाही तिकडच्या लोकांनी ते नाव पुसले नाही. १९८२ साली चीनने त्यांची टपाल तिकिटे काढली, १९९३ मध्ये भारताने काढले. १९९२ साली शीजियाज्वांगमध्ये त्यांच्या नावाने आरोग्यसेवक घडवणारी शाळा सुरू झाली. सोलापुरात त्यांच्या जन्मघराचे स्मारक झाले. पुतळा, तिकीट, स्मारक, सगळे योग्यच आहे. पण कोटणीसांना विचारता आले असते, तर त्यांनी यातून कशाला पसंती दिली असती? मला वाटते, शाळेला. अपुऱ्या राहिलेल्या पुस्तकाचे पुढचे पान तिथेच लिहिले जाते.

क्रिमियापासून सांगितलेला क्रम आता पुन्हा आठवा. आधी बातमी, मग मदत, मग विद्या. पुढच्या काळातही हेच दिसते. १९६७ ते १९७० या वर्षांत नायजेरियातील बियाफ्रा युद्धात उपासमारीने मेलेल्या मुलांची छायाचित्रे जगभर गेली आणि त्यातून १९७१ साली पॅरिसमध्ये सीमांची पर्वा न करणाऱ्या डॉक्टरांची एक संस्था निघाली. ती काढणाऱ्यांत डॉक्टर होते तसे पत्रकारही होते. १९९९ साली तिला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. लोकांचे लक्ष वेधल्याशिवाय मदत उभी राहत नाही, हे त्या मंडळींनी अनुभवाने ओळखले होते.

पण लक्षाची एक खोड आहे. ते एका जागी फार वेळ बसत नाही. एखाद्या युद्धाची दृश्ये आपण आठवडाभर पाहतो, हळहळतो, आणि मग दुसरे काही येते. काही युद्धांकडे तर कॅमेरा फिरकतही नाही. तिथले जखमी काही कमी कण्हत नसतात. म्हणून ज्याला खरी मदत करायची आहे, त्याने लोकांचे लक्ष आहे तोवरच त्याचे टिकाऊ ऐवजात रूपांतर करून घ्यावे. तिथल्या माणसाला, तिथल्या भाषेत, त्याला करता येईल असे काहीतरी शिकवून ठेवावे. १९३८ च्या जुलैत जमलेले २२,००० रुपये केव्हाच संपले. त्यातून गेलेला एक माणूस जे शिकवून गेला, ते मात्र त्याच्या विद्यार्थ्यांच्या हातांत राहिले.

मार्गासनीपासून सोलापूर दूर, आणि चीन तर फारच दूर. तरी हे सारे तुम्हाला का सांगितले? आपल्या वाड्यावस्त्यांवरही डॉक्टर यायला वेळ लागतो. पावसाळ्यात भातखाचरात कुणाला पान लागले, तर मांत्रिकाकडे वेळ न दवडता, जखमेवर काप न घेता, त्या माणसाला चालू न देता, धीर देऊन थेट इस्पितळात न्यायचे, एवढी साधी माहिती घरोघरी असली तरी जीव वाचतो. ही माहिती आपल्या बोलीत सांगणारा कुणी हवा. तो शिक्षक असेल, आशाताई असेल, आकाशवाणी असेल, नाहीतर दहावीत शिकणारी पोर असेल. त्यासाठी चीनला जायला नको आणि कुणी बोलपट काढायलाही नको.

तेव्हा गुरुजनहो, शाळेत कोटणीसांचा धडा येईल तेव्हा ७२ तासांची गोष्ट जरूर सांगा. मुलांना ती आवडते. पण त्याबरोबर फळ्यावर पाच नावे लिहा. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू, कोटणीस. आणि मग त्या अपुऱ्या पाठ्यपुस्तकाविषयी सांगा. आणि हेही सांगा, की राजगडाच्या मावळ्याची जखम ज्याने बांधली, त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. पण त्याने आपल्या हाताखालच्या पोराला जखम बांधायला शिकवले असेल, तर तो त्या पोराच्या हातांतून जगला.